उन्हाळी इंटर्नशिप: देणगी आणि प्रचाराच्या कामाला कॉलेजची मुलं येणार आहेत, नेमकं काय काम द्यावं?

शहापूर_रुग्णसेवा

नमस्कार मंडळी. आमचा बेळगावात छोटा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. कॅन्सर आणि टीबीच्या गरजू रुग्णांना प्रवासखर्च, सोबतच्या माणसाच्या राहण्याची सोय, महिन्याचा शिधा आणि सरकारी योजनेत न बसणाऱ्या तपासण्या, एवढंच काम. १२एबी (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट) दोन्ही आहे, एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची नोंदणी) नाही.

मेच्या मध्यापासून आठ आठवड्यांसाठी चार विद्यार्थी येणार आहेत. दोघं बीकॉमचे, एक बीबीएचा, एक मुलगी एमएसडब्ल्यूची. तिघांना मराठी-कन्नड दोन्ही येतं. एमएसडब्ल्यूची मुलगी चंदगडची आहे, तिला कन्नड येत नाही.

विचारायचं असं: मुलांना देणगी गोळा करायला थेट बाजारात पाठवावं का? रोख हाताळायला द्यावी का? पोस्टर-व्हॉट्सअॅपचं काम दिलं तर कशावर लक्ष ठेवावं? आणि आठ आठवड्यांनी मुलांच्या पदरात काही पडावं, नुसता शिक्का मारलेला कागद नको, ह्यासाठी काय करावं? ज्यांनी हे काम चालवलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

देणगीवही

ताई, कामाची यादी करण्याआधी कॅलेंडर बघा. मुलांची सुट्टी आणि देणाऱ्याच्या हातात पैसा असायचा काळ, ह्या दोन गोष्टी आपल्या भागात जुळत नाहीत. मेअखेर ते जुलै म्हणजे देणगीच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात पडता काळ. रोहिणी-मृगाला शेतकऱ्याचा पैसा बी-खतात गेलेला असतो, उसाचं बिल यायचं ते हिवाळ्यात, गळीत सुरू झाल्यावर. जूनला शाळेची फी, वह्या-पुस्तकं, दप्तर, त्यामुळे नोकरदारही हात आखडता घेतो. अशा वेळी मुलांना 'दोन लाख आणा' असा आकडा दिला की दुसऱ्या आठवड्यापासून ती आपल्या काका-मामांकडून पाचशे-हजार मागून आकडा भरायला लागतात. तो पैसा पुढच्या वर्षी येत नाही आणि ते मूलही परत येत नाही. म्हणून माणशी रकमेचं टार्गेट नको आणि कमिशन तर अजिबात नको.

खरं ह्याच आठ आठवड्यांत तीन कामं अशी असतात, की ती आत्ता झाली तरच सप्टेंबरपासून पैसा येतो.

पहिलं, जुने देणगीदार. ३१ मेपर्यंत तुम्हाला गेल्या आर्थिक वर्षाच्या देणगीदारांना ८०जीचं प्रमाणपत्र द्यायचंच आहे (त्यातली कागदपत्रं हिशेबवाले सांगतीलच). मुलांची सुरुवात तिथूनच करा. पहिल्या आठवड्यात गेल्या तीन वर्षांच्या पावत्या एका शीटमध्ये उतरवायच्या: नाव, पत्ता, फोन, तारीख, रक्कम, पैसे कशाने दिले, कोणाच्या ओळखीने आले, आणि मराठी की कन्नड. शेवटचा रकाना सगळे विसरतात. ह्या कामात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे एकच माणूस तीन नावांनी. एकदा दुकानाच्या नावाने, एकदा स्वतःच्या, एकदा बायकोच्या. फोन नंबरावर शीट लावून बघितली की ते उघड होतं. तीन जागी ५००-५०० देणारा माणूस म्हणजे १,५०० देणारा माणूस, आणि त्याला तीन वेळा फोन गेला तर तो चौथ्यांदा उचलत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून फोन. एका मुलाने दिवसाला २० च्या वर करू नयेत, आवाजातला ओलावा जातो. पहिल्या फोनवर पैसे मागायचे नाहीत. प्रमाणपत्र मिळालं का, नाव-पत्ता बरोबर आहे का, गेल्या वर्षी तुमच्यासारख्यांच्या मदतीतून किती रुग्णांचं काय झालं हे दोन वाक्यांत, आणि आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, एवढंच. फोन झाल्याझाल्या शीटमध्ये एक ओळ लिहायची. 'नंतर बघू म्हणाले' असं लिहून उपयोग नाही. 'दिवाळीनंतर करा म्हणाले, वडिलांच्या वर्षश्राद्धाला देतात' अशी ओळ असेल तर पुढचा माणूस त्यावर काम करू शकतो.

दुसरं, सोसायट्या आणि सौहार्द संस्था, म्हणजे सहकारी पतसंस्था. आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत आणि बहुतेकांच्या नफावाटणीत धर्मादाय किंवा समाजकार्याला काहीतरी बाजूला काढलेलं असतं. त्यांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. सभेनंतर गेलात तर रक्कम वाटून झालेली असते, म्हणून अर्ज जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जायला हवा. अर्जासोबत नोंदणीचा दाखला, ८०जीची प्रत, ट्रस्टचं पॅन, गेल्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशेब, रद्द केलेला चेक आणि एका पानाचा तपशील जोडा. चेअरमनच्या घरी अर्ज नेऊन देऊ नका. शाखेत मॅनेजरकडे द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, आणि संचालक मंडळाची पुढची बैठक कधी आहे तेवढं विचारून या. बैठकीच्या चार दिवस आधी आठवणीचा एक फोन. बीकॉमच्या दोन मुलांना हेच काम द्या, ताळेबंद वाचायला शिकतील.

त्या एका पानावर 'यथाशक्ती मदत करावी' लिहू नका. मदतीचं माप लिहा. टीबीच्या रुग्णाचं उदाहरण घ्या. निक्षय मित्र (टीबी रुग्णाला मदत करायला पुढे येणाऱ्यांसाठीच्या सरकारी) योजनेत प्रौढ रुग्णाच्या महिन्याच्या शिध्याचं माप ठरलेलं आहे: धान्य ३ किलो, डाळ दीड किलो, तेल २५० ग्रॅम, आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे १ किलो. मुलांना रविवार पेठेत पाठवून त्या दिवसाचे घाऊक भाव काढायला सांगा, पिशवी आणि पोचवण्याचा खर्च त्यात मिळवा, सहाने गुणा. निक्षय मित्राने किमान सहा महिने घ्यायचे असतात. 'एका रुग्णाचे सहा महिने = इतके रुपये' हा आकडा संचालकांना पटकन कळतो. सरकार रुग्णाच्या खात्यावर महिन्याला १,००० रुपये पोषणासाठी देतंच (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते), मग हे कशाला, असा प्रश्न हमखास येतो. शिधा हा त्याच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही, हे मुलांना नीट सांगता यायला हवं. रुग्णांची नावं मात्र तुमच्याकडून द्यायची नाहीत. रुग्णाची संमती आणि जोडणी जिल्हा क्षयरोग कार्यालयामार्फतच होऊ द्या.

कॅन्सरच्या रुग्णासाठी असंच माप प्रवासाचं काढा. हुबळी, बेंगळूरचं किडवाई रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय, तीन ठिकाणं, दोन माणसं, जाऊन-येऊन, तीन दिवसांचं जेवण. तीन आकडे झाले.

तिसरं, गणेशोत्सव मंडळं. त्यांच्याकडे रोख मागू नका. एक संध्याकाळ मागा: मंडपाशेजारी टेबल, रक्तदाब-साखर तपासणी, आणि एक कापडी फलक. मंडळांच्या बैठका दीड-दोन महिने आधी सुरू होतात, त्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत, मुलं जायच्या आत, यादी तयार पाहिजे: मंडळ, गल्ली, अध्यक्षाचा नंबर, मंडप कधी उभा राहतो, कोणत्या दिवशी गर्दी.

खानापूरकडचं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचं काही काम असेल तर ते जूनच्या पहिल्या आठवड्याआधी उरका. नंतर तिकडचा पाऊस मुलांना फिरू देत नाही.

हिशेबनीस

वरचं सगळं बरोबर. मी फक्त पैशाच्या वाटेबद्दल लिहितो, कारण ट्रस्ट अडचणीत येतो तो तिथेच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. खाली सगळ्यांच्या तोंडात बसलेले जुने क्रमांक दिले आहेत, तुमच्या सीएकडून नवे जुळवून घ्या.

रोख: पहिले दोन आठवडे मुलांच्या हाती पावती पुस्तक देऊच नका. नंतर द्यायचं तर जोडीला एक, आणि पुस्तकाचा क्रमांक, पावती कुठून कुठे, कोणाकडे, कधी दिलं, कधी परत आलं, ह्याची सहीनिशी नोंदवही ठेवा. एका माणसाकडून रोख २,००० च्या वर घ्यायची नाही असा नियम करा. कायदा २ लाखांच्या आत रोख घ्यायला मनाई करत नाही, पण २,००० च्या वरची रोख देणगी ८०जीला चालत नाही आणि देणाऱ्याला ते मार्चमध्ये कळलं की तो तुमच्यावर चिडतो. जमा झालेली रोख त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी बँकेत, आणि भरणा स्लिपच्या मागे पावती क्रमांक 'कुठून कुठपर्यंत' लिहायचे. त्यातून रिक्षाचे पैसे, चहाचे पैसे काढून उरलेले भरायचे नाहीत. खर्चाला वेगळी ५०० ची पाकिटं द्या.

पावती चुकली तर फाडायची नाही. दोन्ही प्रती पुस्तकात ठेवून आडवी रेघ, 'रद्द' आणि सही. पानं गायब झालेलं पुस्तक ऑडिटरला दाखवताना घाम फुटतो.

पावतीवर नाव पॅनवर आहे तसंच. बाजारात 'अण्णासाहेब' म्हणून ओळख असलेल्या माणसाचं पॅनवरचं नाव वेगळंच असतं. पत्ता, पॅन, पैसे कशाने दिले, यूपीआय असेल तर १२ आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक). आणि निधीचं नाव. इथे मुलं उत्साहाने 'टीबी रुग्ण शिधा' लिहून टाकतात. तसं लिहिलं की ते पैसे त्याच कामाला लागले हे दाखवावं लागतं आणि दिव्याचं बिल, गाडीचं डिझेल भरायला काही उरत नाही. देणाऱ्याने स्वतःहून सांगितलं नसेल तर 'सर्वसाधारण निधी' असं छापूनच घ्या. कायम निधीसाठी देणाऱ्याचं वेगळं पत्र हवं.

१०बीडी हे देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरायचं आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. उशिराला दिवसाला २०० रुपये लागतात, वर दंड वेगळा, तो १०,००० पासून १ लाखापर्यंत जाऊ शकतो. तुमच्याकडची हाताने लिहिलेली पावती आता वजावटीला पुरत नाही, १०बीईच लागतं. म्हणजे पॅनमधलं एक अक्षर चुकलं की त्या माणसाचा लाभ अडकला. मुलांनी भरलेल्या शीटमधलं प्रत्येक पॅन दुसऱ्या मुलाने पावतीशी ताडून बघावं: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. 'ओ' आणि शून्याची गल्लत सगळ्यात जास्त. चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असतं, ते जुळलं नाही तर थांबा.

आणि मुलांना एक वाक्य पाठ करून ठेवा: 'जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर ८०जीत वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही.' 'टॅक्स वाचतो' एवढं अर्धं बोलून घेतलेली देणगी पुढे भांडण होऊन परत येते. वस्तू दिल्या, म्हणजे तांदळाची पोती, औषधं, व्हीलचेअर, तर त्यालाही ८०जी नाही. पोच द्या, आभार माना, पण वजावटीची पावती नाही.

क्यूआर: ट्रस्टच्या खात्याचाच. कोणा विश्वस्ताच्या किंवा विद्यार्थ्याच्या नंबरावर 'तात्पुरतं' घेतलेला एक रुपयाही नको, ते पैसे त्याच्या खात्यात दिसतात आणि नंतर कितीही खुलासा केला तरी संशय राहतो. फलक लावला की रोज सकाळी स्वतःच्या मोबाईलने स्कॅन करून नाव ट्रस्टचं येतंय का बघायचं, वर दुसरं स्टिकर चिकटवणारे असतात. आणि स्क्रीनशॉट बघून पावती लिहायची नाही. खात्यात जमा दिसली किंवा स्पीकर बोलला, मगच.

दानपेटी ठेवणार असाल तर दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे, मोजणी तिघांसमोर आणि कागदावर तिघांच्या सह्या. पेटीतला पैसा निनावी असतो. वर्षभरातली निनावी रक्कम १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, ह्यात जे जास्त त्याच्या पुढे गेली, की पुढच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. छोट्या ट्रस्टला सहसा तिथवर पोचायला लागत नाही, पण गणपतीत दहा मंडपांत दहा पेट्या ठेवल्या तर हिशेब धरून ठेवा.

शहापूर_रुग्णसेवा

फार उपयोगी. पावती 'सर्वसाधारण निधी' छापून घ्यायचं लगेच करते. दुकानांचं मात्र अजून कळलं नाही. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली इथे मुलांना अजिबात पाठवू नये की थोडं पाठवावं? शिकायला तरी?

खडेबाजार_कट्टा

पाठवा की, पण चौथ्या आठवड्यानंतर आणि जोडीने. एक बोलणारा, एक लिहिणारा. जोडीत एकाला तरी कन्नड यायलाच हवं. तुमची चंदगडची मुलगी लिहिणारी.

वेळ महत्त्वाची. बोहनी व्हायच्या आधी कोणाच्या दुकानात मागायला जायचं नाही, तो माणूस दिवसभर ते मनात धरतो. दिवेलागणीलाही नाही, त्या वेळी पैसा बाहेर द्यायला लोक तयार नसतात, शुक्रवारी तर विचारूच नका. सकाळी ११.३० ते १.३० बरं. शनिवारी बाजाराचा दिवस, गर्दीत उभं राहून काही साधत नाही. दुपारी ४ नंतर पिग्मीवाले (रोजची बचत गोळा करणारे) फिरतात, त्यांच्या पाठोपाठ गेलात तर 'आत्ताच दिले' असं होतं.

आत गेल्यावर गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबा. नसेल तर आधी भाषा ओळखा. गल्ल्यावरचा माणूस आत कोणाशी कन्नडमध्ये बोलत असेल तर सुरुवात कन्नडमध्येच: 'नमस्कार री, ऐदु निमिष माताडबहुदेन्री?' मराठी दुकानदाराला 'काका, पाच मिनिटं आहेत का?' मोडकं-तोडकं कन्नडही चालतं, पण हिंदीत सुरुवात केली की दोन्हीकडून परकी होतात.

मग ओळखपत्र दाखवायचं (ट्रस्टचं, फोटोसह, 'वैध दिनांक' छापलेलं, अध्यक्षांचा नंबर असलेलं), एक पान हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. मुलांना गप्प बसायला शिकवावं लागतं. माणूस पान वाचत असताना बोलत राहिलं की तो पान बाजूला ठेवतो. वाचून झालं की तो काहीतरी विचारतोच, बहुतेकदा 'हे पैसे खरंच रुग्णाला जातात का?' त्याला उत्तर ऑडिटच्या आकड्यात द्यायचं: शंभरातले किती रुग्णावर, किती कार्यालयावर. कार्यालयाचा खर्च लपवायचा नाही. 'सगळेच रुग्णाला जातात' म्हटलं तर व्यापारी माणूस लगेच ओळखतो, त्याला दुकान चालवायला काय लागतं ते रोज दिसतं.

रक्कम मागायची ती मापातली. 'एका महिन्याचा शिधा' किंवा 'हुबळीच्या एका फेरीचं'. 'नाही' म्हणाले तर 'बरं काका, वाचून ठेवा' म्हणून निघायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. पण वहीत गल्ली, दुकान, काय बोलले, परत कधी, हे बाहेर येऊन पायरीवरच लिहायचं. चार दुकानं झाल्यावर लिहू म्हटलं की पहिल्या दुकानाचं डोक्यात राहत नाही.

दोन जोड्या, दिवसाला १०-१० दुकानं, आठवड्यात तीन दिवस, तीन आठवडे. म्हणजे १८० दुकानं. एवढी भेट झाली की पुरे. तिथून किती आले ह्यापेक्षा १८० ओळींची नीट वही हातात राहिली हे मोठं, दिवाळीला तीच वही घेऊन तुम्ही स्वतः फिराल.

उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्र्यांकडे 'सीएसआर' (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा सक्तीचा खर्च) म्हणून अर्ज घेऊन जाऊ नका. सीएसआरची सक्ती नेट वर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, ह्यातलं एक तरी असलेल्या कंपनीला असते. आपल्याकडची बरीच युनिटं त्यात बसत नाहीत आणि मालकाला तो शब्द ऐकून नोटीस आल्यासारखं वाटतं. तिथे मालक स्वतःच्या खिशातून देतो. कामगारांच्या तपासणीचं शिबिर देऊ करा, ओळख होते. खऱ्या सीएसआरच्या कंपनीकडे जायचं तर ट्रस्टचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आधी काढून ठेवा.

अक्षरजुळणी

प्रचाराच्या कामाबद्दल लिहिते. ह्यात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे रुग्णाची गोष्ट आणि फोटो.

मुलं पहिल्याच दिवशी असं लिहून आणतात: 'येळ्ळूरची ३५ वर्षांची विधवा, दोन मुली, गर्भाशयाचा कॅन्सर.' नाव नाही, चेहरा नाही, तरी गावात अर्ध्या तासात कळतं कोण ते. उद्या त्या मुलींच्या लग्नाची बोलणी निघतात तेव्हा ते पोस्टर कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असतं. तेच असं लिहा: 'तालुक्यातल्या एका आईला उपचारासाठी महिन्यातून दोनदा हुबळीला जावं लागतं. एका फेरीला दोघांना इतका खर्च.' गाव, वय, अवयव, मुलांची संख्या, ह्यातलं एकही नको. पैसे मागायला खर्च पुरतो.

संमती लेखी, रुग्णाला वाचता येते त्या भाषेत, कुठे छापणार आणि किती दिवस ठेवणार हे लिहून. आणि शिधा देताना, पैसे हातात ठेवताना ती संमती कधीच विचारायची नाही. त्या क्षणी माणूस नाही म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने विचारावी, आणि 'नाही म्हटलं तरी मदत चालूच राहील' हे आधी सांगावं. लहान मुलांच्या फोटोला आई-वडिलांची सही. एचआयव्हीचा उल्लेख कुठल्याच स्वरूपात नाही, २०१७ चा कायदा त्याबाबत कडक आहे. शिधावाटपाचा फोटो काढायचा तर पिशवीचा काढा, तीन किलो धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे टेबलावर मांडून. चेहरे असलेल्या फोटोपेक्षा तो जास्त बोलतो, लोकांना वस्तू दिसतात.

'हमखास बरा', '१०० टक्के उपाय' असे शब्द पोस्टरवर नकोत. कोणत्याही औषधाचं किंवा उपचाराचं नाव घेऊन कॅन्सर, मधुमेह बरा होतो असं छापणं १९५४ च्या औषधी जाहिरात कायद्यात अडकतं. एखादा आयुर्वेदिक दुकानदार देणगीच्या बदल्यात आपलं नाव टाकायला सांगतो तेव्हा हे हमखास होतं.

छपाई. कर्नाटकात प्लॅस्टिक फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, कापडी फलकच छापा. रस्त्यावर लावायचा तर महानगरपालिकेची परवानगी घ्या, आणि परवानगीशिवाय भिंतीवर काही चिकटवू नका. मजकूर वर कन्नड, खाली मराठी ठेवा, दोन्ही स्वच्छ वाचता येतील असे. कन्नड मजकूर मोबाईलच्या भाषांतरावरून घेऊ नका. कन्नड माध्यमात शिकलेल्या माणसाकडून नव्याने लिहून घ्या, मराठीवरून उतरवलेलं कन्नड कन्नड माणसाला लगेच खटकतं.

प्रेसमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. तुमचा युनिकोड मजकूर तिथे बदलून घेताना 'ऱ्या'चा 'र्या' होतो, रफार दुसऱ्या अक्षरावर बसतो, 'क्ष' फुटतो. व्हॉट्सअॅपवर आलेला प्रूफचा फोटो बघून 'ओके' कळवू नका. कागदावर प्रूफ काढून घ्या, एक मुलगा मूळ मजकूर मोठ्याने वाचेल, दुसरा प्रूफवर बोट ठेवत जाईल. फोन नंबर आणि खाते क्रमांक उलट्या क्रमानेही एकदा वाचा. आणि छापलेला क्यूआर तीन वेगवेगळ्या मोबाईलने स्कॅन करून बघितल्याशिवाय हजार प्रती काढू नका.

व्हॉट्सअॅप: ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. म्हणून वर फोनच्या कामात 'नंबर सेव्ह करा' सांगायला लिहिलंय ते फार गरजेचं. मराठीची यादी वेगळी, कन्नडची वेगळी. एकाच निरोपात दोन भाषा घातल्या की तो लांबतो आणि कोणीच शेवटपर्यंत जात नाही. महिन्यातून एकच निरोप, पगार झाल्यावर १ ते ७ तारखेच्या आत, साठ-सत्तर शब्दांत.

तुमच्या आठ आठवड्यांत तीन दिवस येतात: ३१ मे तंबाखूविरोधी दिन, १४ जून रक्तदाता दिन, १ जुलै डॉक्टर दिन. ३१ मेला निपाणीत काही करणार असाल तर सांभाळून. तिथे तंबाखू आणि विडी ही पोटापाण्याची गोष्ट आहे, विड्या वळणाऱ्या बायकांसमोर कवटीचं पोस्टर धरणं म्हणजे त्यांना दोष देणं. तोंडाच्या तपासणीवर बोला: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, ह्यातलं काही असेल तर दाखवून घ्या. एवढाच मजकूर, आणि तपासणी कुठे, किती वाजता.

फील्डवर्क_मार्गदर्शक

मुलांच्या बाजूने थोडं.

कॉलेजकडून आधी पत्र घ्या: किती तास, किती क्रेडिट, अहवाल कोणत्या नमुन्यात. यूजीसीच्या हिशेबाने इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. रोज पाच तास, आठवड्याला पाच दिवस, आठ आठवडे म्हणजे २०० तास होतात, ते हजेरीवहीत दिसले पाहिजेत. शेवटच्या आठवड्यात बसून रोजनिशी 'तयार' करायला लागू नये म्हणून रोज निघताना दहा मिनिटं लिहून सही घ्या.

मानधन थोडं असलं तरी ठरावीक द्या, आणि प्रवासखर्च वेगळा. इथे एक बारकावा: शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही, पण तुमच्या चंदगडच्या मुलीचं आधार महाराष्ट्राचं, तिला ते लागू होत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत मात्र तिला राज्याच्या हद्दीपुरतं अर्धं तिकीट. मुलग्यांना तर पूर्ण भाडं पडतं. तेव्हा सगळ्यांना सारखी रक्कम देण्याऐवजी तिकिटं घेऊन खर्च द्या.

त्या मुलीला एक काम मुद्दाम द्या. चंदगड, आजरा, गडहिंग्लजचे रुग्ण उपचाराला बेळगावला येतात आणि त्यांचं रेशनकार्ड महाराष्ट्राचं असतं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ते कर्नाटकच्या कार्डावर. कोणत्या रुग्णाला कोणत्या राज्याची योजना लागू होते, कोणती कागदं लागतात, आणि दोन्हीत न बसणारा खर्च कोणता, असा एक तक्ता तिच्याकडून करून घ्या. देणगी कशासाठी मागायची ते ह्या तक्त्यातूनच ठरतं. योजनेत फुकट होणाऱ्या गोष्टीसाठी देणगी मागितली आणि देणाऱ्याला ते कळलं, तर विश्वास गेला.

देणगीदारांची यादी मुलांच्या स्वतःच्या मोबाईलवर नको. ट्रस्टचा ईमेल, ट्रस्टची शीट, आणि पॅनचा रकाना वेगळ्या फाइलमध्ये, तो फक्त ताडणी करणाऱ्या दोघांना. फोन करायला ट्रस्टचं सिम. फेसबुक पानावर मुलांना एडिटर करा, अ‍ॅडमिन नको, नाहीतर पान मुलाबरोबर जातं. शेवटच्या दिवशी सगळे प्रवेश बंद करून त्याची यादी फाइलला लावा.

वॉर्डात परवानगीशिवाय जाणं नाही. टीबीच्या रुग्णाच्या घरी गेलात तर बोलणं अंगणात, मास्क लावून.

प्रमाणपत्रात 'उत्कृष्ट काम केले' एवढंच लिहू नका. 'तीन वर्षांच्या पावत्यांची नोंदणी व पॅन ताडणी केली, सोसायट्यांना अमुक अर्ज दाखल केले, शिध्याचा दर काढून एक पानी निवेदन तयार केलं' असं लिहा. गोळा केलेली रक्कम लिहू नका. नोकरीच्या मुलाखतीत त्या तीन ओळींवर मुलाला पंधरा मिनिटं बोलता येतं.

शहापूर_रुग्णसेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या आठवड्यात पावत्या आणि पॅन, चौथ्यानंतर बाजार, असं ठरवते. शेवटचं एक: जुन्या यादीत दोन नावं आहेत. एकाचा भाऊ दुबईला नोकरीला आहे, त्याला द्यायचंय. दुसऱ्यांचा मुलगा अमेरिकेचा नागरिक झालाय, त्याचं इथे बँकेत खातं आहे, म्हणाला रुपयातच पाठवतो. एफसीआरए नसताना चालेल का?

हिशेबनीस

दुबईवाले भारतीय पासपोर्टवर असतील तर चालेल. स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पाठवलेली त्यांची देणगी परदेशी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि 'ही माझ्या बचतीतली रक्कम आहे' असं दोन ओळींचं पत्र पावतीच्या प्रतीला जोडा.

अमेरिकेच्या नागरिकाचं चालणार नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलं, रुपयात दिलं, इथल्याच खात्यातून दिलं, तरी ती परदेशी देणगीच. एफसीआरए नोंदणीशिवाय घेऊ नका. इथे राहणाऱ्या वडिलांना स्वतःच्या पैशातून द्यायचं असेल तर त्यांनी द्यावं, पण मुलाने वडिलांच्या खात्यात टाकायचे आणि वडिलांनी पुढे पाठवायचे, हे नको. मुलं फोन करतील तेव्हा परदेशातला नंबर दिसला की पैशाचं बोलण्याआधी नागरिकत्व विचारायचं, हे त्यांच्या फोनच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहून ठेवा. चुकून रक्कम जमा झालीच तर खर्च न करता बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सीएला कळवा.